देवाच्या चपला, माझे फोड

आरवलीच्या वेतोबाला भक्त चपला वाहतात. रात्री देव गावाच्या राखणीला हिंडतो, हिंडून हिंडून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या करून द्यायच्या, अशी श्रद्धा आहे. देवळात मांडलेल्या त्या चामड्याच्या चपला माणसाच्या मापाच्या नसतात, चांगल्या दांडग्या असतात. कोऱ्या करकरीत चपला घालून रात्रभर रानावनात चालायचं आणि सकाळी पुन्हा आपल्या जागी ताठ उभं राहायचं, याला देवच हवा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते पायात उतरायला सावंतवाडी ते आरवली चालत जावं लागलं.

नवस वगैरे काही नव्हता. संध्याकाळी मोती तलावाच्या काठी आमची मंडळी बसली असताना कोणीतरी माझ्या पोटाकडे बघून हसलं, आणि मी जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी वेतोबाला चालत जाणार. वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाजारपेठेला बातमी कळली. अर्थात मीच सांगत सुटलो होतो.

तयारी जय्यत केली. टोपी, पाण्याची बाटली, खडखडे लाडू, पावलं मोजणारा मोबाइल. चालायचं ज्यांना होतं त्या पायांसाठी मात्र एवढंच केलं, की कोल्हापूरला लग्नाला गेलो असताना घेतलेल्या कोऱ्या चपला खोक्यातून बाहेर काढल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. २०२५ च्या जूनमध्ये तर मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच दिसणाऱ्या चपला मिरवल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. झब्ब्याखाली अशी चीज शोभणारच. त्या मॉडेलांना मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच चालायचं होतं, हा तपशील माझ्या लक्षात आला नाही.

पहाटे बायको दारात उभी. "नवे चपला घालून खंय चललात? जुने काय झाले?"

"जुन्यांचे फोटो चांगले येत नाहीत," असं मी मनात म्हटलं आणि निघालो.

सुरुवातीला चपलांचा कर्र कर्र आवाज फार गोड वाटला. मळगावला रेल्वे स्टेशनच्या आसपास उजव्या अंगठ्याच्या कडेला आणि पट्ट्याखाली चुरचुरायला लागलं. शहाणा माणूस तिथेच मैलाच्या दगडावर बसला असता. पण गाडीची वाट बघत रिक्षावाले उभे होते आणि त्यातले निम्मे ओळखीचे.

"खंय चललंस?"

"आरवलीक. चलत!" मी छाती काढून म्हणालो. एवढं बोलल्यावर त्यांच्यासमोर बसून पाय चोळणं शक्य नव्हतं. वळणाआड जाईपर्यंत मी उलट जास्तच झपाझप चाललो.

याच काळात पायात काय घडत असतं ते मला नंतर कळलं. कातडी पट्ट्याला धरून राहते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलागणिक मागेपुढे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. घामाने कातडी ओलसर झाली की घर्षण आणखी वाढतं, आणि घामाच्या बाबतीत आमच्या कोकणात कधी टंचाई नसते.

मळेवाडपर्यंत पट्ट्याखाली काजूगराएवढा टपोरा फोड आला होता. चपला हातात घेतल्या, तर तापलेल्या डांबराने तळव्यांचा समाचार घेतला. पुन्हा पायात घातल्या. समोरून डोक्यावर भारा घेतलेली एक आजी आली. तिच्या पायांत झिजून पातळ झालेल्या रबरी सपाता, आणि चाल अशी की मला लाज वाटावी.

"पायाक काय झाला रे?"

"काय नाय, आजी."

"वायंच बस मगे."

आजी दिसेनाशी झाल्यावर बसलो आणि रिक्षा थांबवली. आरवलीत देवळाच्या जरा अलीकडे उतरलो, म्हणजे आत चालत गेल्यासारखं दिसावं. वेतोबासमोर उभा राहिलो तेव्हा नजर काही वर जाईना. ती त्या चपलांवरच.

घरी आल्यावर उपचारांची रांग लागली. एकाने टूथपेस्ट सांगितली, दुसऱ्याने चुना. शेजारच्या काकी कोकमाचं तेल घेऊन आल्या. ते टाचांच्या भेगांवर उत्तम, फोडावर त्याचं काय काम, हे त्यांना कोण सांगणार? वारी केलेल्या एका काकांनी सुईदोरा काढला. दोरा फोडातून आरपार ओवून तसाच ठेवायचा, पाणी आपोआप झिरपतं, म्हणाले. दोरा पाणी बाहेर काढतो तसे जंतू आतही नेतो, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. लहान, न दुखणारा फोड फोडायचा नाही. मोठा असेल आणि चालणं अवघड करत असेल, तर हात आणि जागा साबणाने धुवायची, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचं. वरची कातडी मात्र ओढून काढायची नाही, तीच आतल्या कोवळ्या कातडीचं पांघरूण. मग व्हॅसलिन आणि न चिकटणारी पट्टी. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर घरगुती प्रयोग बंद. आणि मधुमेह असेल तर सुई हातात घ्यायचीच नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो आणि झोप उडाली. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, संसर्ग रक्तात पसरला आणि आठवड्याभरात तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा चार वर्षं होती. मी बायकोला उठवून विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. "तुमी खंय टेनिस खेळलात?" म्हणून ती कूस बदलून झोपली.

मग २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या तळपायांचे फोटो आठवले. माझ्या काजूगराचं कौतुक तिथेच संपलं.

प्रतिबंधाचे उपायही वाचले. अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या छात्रांनी पायांना घाम रोखणारं औषध लावलं, तेव्हा लांब चालीनंतर फोड येण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आलं, असं १९९८ चा एक अभ्यास सांगतो. मात्र निम्म्याहून अधिक जणांच्या पायांची आग झाली किंवा खाज सुटली. त्यापेक्षा कागदी चिकटपट्टी बरी. औषधांच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते ती. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच साधी, स्वस्त पट्टी उपयोगी ठरली.

तेव्हा वाचकहो, लांब चालायचं तर पायात जुनं, सरावलेलं पादत्राण घाला. नवं असेल तर आधी पंधरा दिवस घरात आणि गल्लीत वापरा. नेहमी घासते ती जागा निघण्याआधीच पट्टीने झाका. बूट असतील तर मोजे कोरडे ठेवा. आणि पहिल्यांदा चुरचुरलं की चारचौघांत, भर रस्त्यात, स्टेशनासमोर असाल तरी खाली बसा. रिक्षावाले बघतील? बघू देत. पुढे जाऊन लागण्यापेक्षा रिक्षा तिथेच घेतलेली बरी, भाडंही ओळखीतलं पडतं.