सॅकवाला मालक

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उठली की नवी पेठेत एखाद्या तरी दुकानदाराच्या पोराला गोव्याचा समुद्र आठवतो. मग पेठेतच तासभर घासाघीस करून 60 लिटरची सॅक घेतली जाते. ‘एकटाच जालालो बे, प्लॅन-बिन काय नाही,’ असं तो दत्त चौकात चहा पिता पिता चौघांना ऐकवतो. खिशात मात्र वडिलांची चिठ्ठी असते : म्हापशात दोन पार्ट्यांची उधारी थकलीय, जाता जाता बघून ये.

सत्तरच्या दशकात हिप्पी हणजुणे-कळंगुटला आले ते घरदार सोडून. आमचा हा पेठेतला मालक घर सॅकेत कोंबून नेतो. वर शेंगाचटणी, मध्ये कडक भाकरीचे पुडे, आणि तळाशी आईनं दाबून बसवलेली जेकार्ड चादर. का, तर समुद्रावर गारठा असतो!

विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट, असं करत स्वारी हरमलला पोचते. तिथलं पहिलं आश्चर्य म्हणजे उन्हात पडून राहिलेली माणसं. पारा 44 ला टेकला की पेठेतल्या पत्र्याखाली जे आपोआप होतं, त्यासाठी हे लोक विमानाचं तिकीट काढतात! ‘ह्यांना मे महिन्यात आणा की सोलापूरला. खाट आपण देऊ.’

संध्याकाळी वाळूत गोल करून ढोल बडवतात, तेही त्याला जमत नाही. कुणी डोळे मिटून डोलतंय, कुणी आगीचे गोळे फिरवतंय, आणि ह्याचा पाय तालासाठी चाचपडतोय. ‘असा वाजवला असता, तर आमच्या मिरवणुकीत हलगीवाल्यानं हाकलून दिलं असतं बे.’ दगडापलीकडचं गोड्या पाण्याचं तळं आवडलं. ‘पण आमच्या सिद्धेश्वर तलावाला मधोमध देऊळ आहे,’ हे एका रशियन जोडप्याला हातवाऱ्यांनी समजावून झालं. पोई पाव आणि शेंगाचटणी हा शोध मात्र स्वतःचा, त्याबद्दल वाद नाही.

एक गोष्ट तो हळू आवाजात सांगतो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते, ह्यानंही दोराला हात घातला. तासभर ओढून जाळं वाळूत आलं, आत मूठ-दोन मूठ चंदेरी वळवळ. कुणीतरी म्हातारा हसून म्हणाला, ‘आयज इतलेंच.’ हे सांगताना त्याला ‘बे’ म्हणायची आठवण राहत नाही.

मग लगेच टॉवेल येतो. शॅकमधल्या खाटेवरचा टॉवेल त्यानं अंगाखाली घेण्याआधी चिमटीत धरला, चोळला, उलटा केला, शिवणीतलं लेबल वाचलं. सोलापूर! ऊर भरून आला, पण लगेच कपाळाला आठी. ‘450 जीएसएम सांगून 380 चा घातलाय बे कुणीतरी.’ सूर्य तिकडे समुद्रात बुडत होता, सगळी गर्दी मोबाईल वर करून उभी होती, आणि हा शॅकवाल्याला काउंटरवर भाव सांगत बसला होता.

परत आल्यावर आठवडाभर गादीवर समुद्र चालला. शेवटी वडिलांनी चष्म्यावरून बघितलं.

‘आणि म्हापसा?’

‘ते राहिलं. पण 12 डझनची ऑर्डर आणलीय.’

‘रोख?’

‘उधार.’