अंगठेबहाद्दरांचं पुनरागमन

नव्वदच्या दशकात साक्षरतेची मोहीम गावोगाव फिरली, तेव्हा तिशी-पस्तिशीच्या बायांच्या हाती पाटी-पेन्सिल आली. ज्यांना सही जमली त्यांनी ती बँकेच्या स्लिपवर दिमाखात ठोकली. ज्यांना जमली नाही त्या अंगठेबहाद्दर ठरल्या आणि चारचौघांत खाली बघू लागल्या. आता सही शिकलेल्यांतलीच एखादी आजी आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडीच्या किंवा लाखांदूरच्या ऑनलाइन सेंटरवर जाते, चष्मा पुसते, पेन मागते. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "सही कायले, आजी? अंगठा लावा जी."

एवढी वर्षं घोटलेली सही गेली पाण्यात. आजी अंगठा ठेवते. यंत्रात लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवते. पुन्हा लाल. आषाढात गुडघाभर चिखलात रोवणी आणि कार्तिकात विळ्याने धान कापणी, असं आयुष्य गेलेल्या अंगठ्यावर आता रेषा उरल्या कुठे? पोरगा म्हणतो, "तुमचा अंगठा वाचता येत नाही." म्हणजे निरक्षर कोण, हा वाद शेवटी आजीच्या बाजूनं मिटला. वाचता येत नाही ते यंत्राला.

सरकारनं शिकवलंच नाही, असं म्हणाल तर मात्र पाप लागेल. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघालं. ६ कोटी ग्रामीण घरांतला एकेक माणूस संगणक-इंटरनेटचा जाणकार करायचा, २० तासांत, आणि त्यासाठी २,३५१ कोटी रुपये. अभियान मार्च २०२४ मध्ये संपलं तेव्हा हिशेब लागला: शिकले ६.३९ कोटी, प्रमाणपत्र मिळालं पावणेपाच कोटींच्या आसपास. उद्दिष्टाहून जास्त लोक शिकले, आणि शिकलेल्यांपैकी दीड कोटींवर माणसं प्रमाणपत्राच्या वाटेत कुठेतरी सांडली. आमच्या तुमसरच्या बाजारात धानाच्या वजनात एवढी घट दिसली असती, तर चौकशी बसली असती.

घरटी एक, हा नियम करणाऱ्याला आमच्याकडची घरं ठाऊक नसावीत. घरात शिकायला मोकळी कोण? बारावी झालेली पोरगी. ती २० तासांत माऊस शिकली, ई-मेल शिकली, पैसे पाठवायला शिकली आणि वैशाखात लग्न होऊन बालाघाटकडे दिल्या घरी गेली. तिच्याबरोबर घराची डिजिटल साक्षरताही सासरी नांदायला गेली. कागदोपत्री बापाचं घर आजही साक्षर आहे.

अभियानाची वयोमर्यादा होती १४ ते ६०. साठ ओलांडली की शिकायची गरज संपते, असा हिशेब असावा. पण साठीनंतरच सरकार दर नोव्हेंबरात विचारतं, तुम्ही जिवंत आहात का? जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या काकाजींना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून त्यासाठी 'जीवन प्रमाण' आहे. अंगठा चालला नाही तर आता चेहराही चालतो. मोबाईलपुढे बसून डोळे मिचकवायचे. ज्यांना हे सगळं करायचं आहे, नेमके तेच वर्गाबाहेर. काकाजी मुकाट्यानं नातवापुढे डोळे मिचकवतात. चाळीस वर्षं संसार केलेल्या काकूसमोर एवढ्यांदा कधी मिचकवले नसतील.

शिकवणाऱ्या बाजूला बसलेल्यांची गोष्ट वेगळी. २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि टायपिंगच्या संस्थांच्या पाट्या बदलल्या. खटखट थांबली, एसी लागला. सरकारी नोकरीला ही परीक्षा जोडली गेली आणि ती पास न झालेल्यांच्या वेतनवाढीवर गदा आली, तेव्हा कितीतरी गुरुजी रविवारी आपल्याच विद्यार्थ्याच्या शेजारी बसून फाइल 'सेव्ह' करायला शिकले. पन्नाशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र सूट होती. ही सूट मला फार मोलाची वाटते. पन्नाशीच्या साहेबाला संगणक आला नाही तरी राज्य चालतं. सत्तरीच्या आजीला आला नाही तर तिचं अनुदान थांबतं. साहेबाला ऑपरेटर असतो, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्या जिल्ह्यात संगणकाचं खरं शिक्षण देणारी शाळा नोव्हेंबरात भरते. पुस्तक नाही, फी मात्र सेंटरवाला सांगेल ती. या दिवसांत धानाच्या बांध्यांत कापलेला कडपा वाळत पडलेला असतो, गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक असतं आणि दिवसा 'ऑनलाइन'. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचं तर आधी पोर्टलवर नाव नोंदवा. नाव नोंदवायचं तर सातबारा हवा, सातबाऱ्यावर धानाची नोंद हवी. ती नोंद २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्यानं स्वतः करायची आहे, ई-पीक पाहणीच्या ॲपवर, गटात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' असं घोषवाक्य आहे. त्यात 'मीच' या शब्दावरचा भर शेतकऱ्याला बांधीत पोचल्यावर कळतो.

कारण बांधीत धान असतं तेव्हा रेंज नसते. रेंज गावच्या पाण्याच्या टाकीपाशी असते, पण तिथे धान नाही, आणि ॲपला तुम्ही कुठे उभे आहात ते बरोबर कळतं. गोसेखुर्दच्या पाण्याची वाट बघणाऱ्या पवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला वाट बघणं काही नवीन नाही. तो धुऱ्यावर उभा राहून हात उंच करतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणाला तरी बोलावतो आहे.

पुढे केंद्रावर 'लाइव्ह फोटो'. म्हणजे शेतकरी स्वतः हजर हवा. लहानपणी ज्याच्या जन्माची नोंद कुणी धड केली नाही, त्याच्या उतारवयाची नोंद इतकी बारकाईनं होते आहे. जीवन प्रमाणात त्यानं जिवंत असल्याचं सिद्ध केलं, लाइव्ह फोटोत शेतकरी असल्याचं. राहिलं होतं माणूस असल्याचं. त्यासाठी कॅप्चा आहे. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध होईल. आमच्या काकाजींना ती ओळखता येत नाहीत. साइट म्हणते, तुम्ही यंत्र असू शकता. काकाजी म्हणतात, "तसा तर तसा. यंत्राले पेट्रोल तरी मिळते बाप्पा."

डिजिटल सहीचा सातबारा वेबसाइटवर १५ रुपयांत मिळतो. सेंटरवर तो कितीला पडतो ते विचारू नका. पंधराच्या वरचे पैसे हे कॅप्चा ओळखण्याचे. आणि सेंटरवाल्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. रात्री बारानंतर साइट हलकी चालते म्हणून जागणारा, पाचशे लोकांच्या आधार क्रमांकातले शेवटचे चार आकडे तोंडपाठ असणारा तो एकटाच या जिल्ह्यात खऱ्या अर्थानं संगणक शिकला आहे. बाकीच्यांनी दोन वाक्यं शिकली: 'सर्व्हर डाऊन आहे' आणि 'उद्या या'. दुसरं वाक्य कचेरीत आधीपासून होतं. पहिल्यानं त्याला शास्त्रीय आधार दिला.

या शाळेतला सर्वांत अवघड धडा ओटीपीचा. जाहिरातीत बजावतात, बँकेतून मेसेज येतो, पोलीस सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक पाठ करून घेतात: ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि कोणतीही योजना घ्या, पहिला प्रश्न येतो, "ओटीपी आला का? सांगा." सेंटरवर वीस माणसं उभी असतात आणि आजी सहा आकडे मोठ्यानं ओरडून सांगते, कारण पोरगा पंख्याच्या आवाजात ऐकत नाही. तिनं सांगितला नाही तर पैसे येत नाहीत, सांगितला तर जाऊ शकतात. यातून बाईनं काय शिकावं?

लाडकी बहीण योजनेतल्या बहिणींनी हा धडा २०२५ मध्ये सविस्तर गिरवला. ई-केवायसी आली. बहिणीचा आधार, बहिणीचा ओटीपी, आणि मग नवऱ्याचा किंवा बापाचा आधार, त्याचा ओटीपी. नवरा वारलेला, बापही वारलेला, अशी बहीण सेंटरवर उभी. दोघं पलीकडे गेले तेव्हा मोबाईल घेऊन गेले नव्हते. पुढे मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली, मुदतही वाढली. सेविकेच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये जणू कामाची कमतरता होती!

त्यातून पार पडलेल्यांसाठी पुढे होय-नाहीचा डबा. घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं वाक्य आणि त्यापुढे होय किंवा नाही. मजुरीला जाणाऱ्या बाईनं प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं. संगणकानं अर्थ लावला, नोकरीत नाही असं नाही, म्हणजे आहे. एका बोटात घरात सरकारी नोकरी आली. साठ वर्षांत आमच्या कितीतरी गावांना जे भरती मेळाव्यातून जमलं नाही, ते एका चौकोनानं केलं. फक्त पगार तेवढा आला नाही, होते ते दीड हजारही थांबले. अशी वाक्यं लिहिणाऱ्यानं एमएस-सीआयटी केली असणार. मराठीच्या पेपराचं काय झालं होतं ते तपासावं.

याच बायांना कुणी न शिकवता काय काय येतं, ते एकदा बघा. लिहिता येत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर बोलून निरोप टाकतात. सुनेच्या माहेरच्या मंडईतला नाच व्हिडिओ कॉलवर बघतात. नातवानं फोन लपवला तरी यूट्यूबवर कीर्तन शोधून काढतात, तेही माइकच्या खुणेवर बोट ठेवून, "अमक्या महाराजाचं लाव जी" असं फोनला आदरानं सांगून. तिथे कॅप्चा नाही, बापाचा ओटीपी नाही. जिथे कंपनीला त्यांचा वेळ हवा आहे, तिथे सगळं सोपं होतं. जिथे त्यांना स्वतःचे पैसे हवे आहेत, तिथे २० तासांचा अभ्यासक्रम लागतो.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती कुणी गंभीरपणे घेणार नाही याची खात्री असल्यामुळे मोकळेपणानं मांडतो. पुढची डिजिटल साक्षरता परीक्षा पोर्टल बनवणाऱ्यांची, आदेश काढणाऱ्यांची आणि पन्नाशीची सूट घेतलेल्या सर्वांची घ्यावी. केंद्र लाखांदूर तालुक्यात, एखाद्या टिनाच्या शेडमध्ये. महिना नोव्हेंबर, वेळ दुपारी दोन, लाइन येऊन-जाऊन. प्रश्न एकच: बांधीतल्या धानापासून खात्यातल्या पैशापर्यंतचं सगळं काम स्वतः करून दाखवा. ऑपरेटर, पीए, नातू यांपैकी कुणीही बरोबर चालणार नाही. परीक्षेआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ विळ्याने धान कापणी करावी लागेल, म्हणजे अंगठाही नियमाप्रमाणे तयार असेल. अर्जाची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. मुदतवाढ कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही, असं परिपत्रकात ठळक छापू. मग ती दोनदा देऊ.