असलीला हात लावायचा नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडे तालुक्याच्या प्रत्येक गावी एक संगणकवाला भाऊ असतो. मूल असो की अहेरी, दुकान बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या मशीनला खेटून. कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह.

त्याचा धर्म एकच: असलीला हात लावायचा नाही. तुमची जुनी विंडोज धापा टाकत असली तरी तो ती पुसत नाही. "राहू द्या ना जी, काहून उडवता तिले?" म्हणत डी ड्राइव्हवर एक भलीमोठी व्हीएचडी फाइल ठेवतो. तिच्या पोटात अख्खी डिस्क: नवी विंडोज, मराठी कीबोर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर. मग बीसीडीएडिट या आज्ञेच्या दोन-तीन ओळी टाइप होतात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होतानाच विचारते, जुनी की नवी? ही सोय मायक्रोसॉफ्टने २००९ साली विंडोज ७ बरोबर आणली, तीही फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझ या वरच्या आवृत्त्यांना. भाऊ मात्र ती त्याच्या आज्याने मोह वेचताना शोधली असावी अशा थाटात सांगतो.

"प्रोसेसर खरा, रॅम खरी, फक्त डिस्क खोटी. मशीनले वाटते डिस्कच आहे. आपण काहून सांगायचे?" समोरचा माणूस सातबाऱ्याची प्रिंट काढायला आलेला असतो. तो मान डोलावतो.

फाइलींतही जाती आहेत. वाढत जाणाऱ्या फाइलीला भाऊ 'जावई' म्हणतो. दिसायला बारा जीबी, पण कागदोपत्री साठ. सुरू होताना पूर्ण साठाची जागा मागते, नाही मिळाली की निळा पडदा. निरोपात एकटा, दारात वऱ्हाड.

संगणक क्लासला तो बाप-लेक जोडी लावून देतो. बाप-फाइल कोरी करकरीत. पोरांनी दिवसभर केलेले सगळे उपद्व्याप लेक-फाइलीत जातात. रात्री लेक उडवायची, सकाळी नवी जोडायची. ही युक्ती खरोखर उत्तम आहे, फक्त ती समोरच्याला सांगावी लागते. एका साहेबांनी तेंदूपत्ता बोनसची यादी तिथल्या डेस्कटॉपवर ठेवली. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप लखलखीत. "साहेब, तुमी हिशोब लेकराच्या खिशात ठेवला जी," भाऊ शांतपणे म्हणाला. साहेब शांत नव्हते.

त्याच्या स्वतःच्या मशीनवर सुरुवातीलाच इतकी नावे उभी राहतात की पंचायतीची मतदार यादी वाटावी. त्यातली असली कोणती, हे त्याला ठाऊक आहे; तिचा पासवर्ड ठाऊक नाही.

एक उणीव तो कधी कबूल करत नाही. अशा फाइलीवरून चालू केलेल्या विंडोजला हायबरनेट करता येत नाही. वीज गेली आणि बॅटरी संपली की उघडे काम गेलेच. आणि २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र चंद्रपूरला असले तरी त्याची वीज तिथल्या दुर्गापुरातून निघाली की तिला आधी मुंबई-पुण्याकडची घाई असते, असे इकडे सगळेच मानतात.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद. तेव्हा भाऊची सेवा फोनवर. रेंज तुटत असते, भाऊ ओरडत असतो.

"गुरुजी, पडदा काळा आला का?"

"आला!"

"काही लिवलं दिसते का?"

"काहीच नाही."

"मंग एफ१२ दाबा. दाबून धरा. अजून काळाच?"

"काळाच आहे भाऊ. लाइन सकाळपासूनच नाही."