तोंड कोनाचं?

बुडापेस्टच्या माणसांना देवघर माहीत नाही, हे त्यांचं आर्किकॅड, म्हणजे घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, उघडलं की लगेच कळतं. बाथटब आहे, बिडे आहे, पियानो आहे. आमच्या मंगरूळपीरच्या टू-बीएचकेत पियानो ठेवून त्यावर कुरड्या वाळत घालायच्या म्हटलं तरी सोय आहे. देवघर मात्र नाही. पण ते बनवणाऱ्या ग्राफिसॉफ्टवाल्यांवर मला रागावता येत नाही. गाबोर बोयार या गृहस्थाने १९८२ साली ही कंपनी काढली. सुरुवातीचं काम पाक्सच्या अणुवीज केंद्रातल्या पाइपांचं, आणि भांडवलासाठी त्याने बायकोचे दागिने गहाण टाकले होते म्हणतात. पेरणीच्या तोंडावर आमच्या तालुक्यात अर्धे लोक तेच करतात. असा माणूस परका कसा वाटणार?

शिवाय त्यांनी एक वाट मोकळी ठेवली आहे : जे नाही ते तुमचं तुम्ही लिहा. लिहायची भाषा जीडीएल, जुन्या बेसिकच्या वळणाची. एकाच वस्तूचं नकाशात दिसायचं स्क्रिप्ट वेगळं, थ्रीडीचं वेगळं, आणि ती वस्तू वापरणाऱ्याला काय काय विचारायचं, कोणत्या शब्दांत, खिडकीच्या कोणत्या कोपऱ्यात, याचं वेगळं. त्याला इंटरफेस स्क्रिप्ट म्हणतात. रुंदीचं नाव ए, खोलीचं बी, इथवर ठीक. उंचीचं नाव मात्र झेड-झेड-वाय-झेड-एक्स. हे ठेवणाऱ्याच्या घरी बारशाला आत्याबाई आल्याच नसाव्यात.

तर देवघर मीच लिहायला घेतलं. थ्रीडी सोपं निघालं. देव बसवायच्या पायऱ्या म्हणजे एक फॉर-नेक्स्टचा फेरा : एक ठोकळा ठेव, अ‍ॅडझेड म्हणून वर सरक, दुसरा ठेव. शेवटी जितकं वर गेलो तितकं डेल म्हणत खाली यायचं. डेल राहिलं की त्यानंतरची प्रत्येक वस्तू वरच्या वर लटकते आणि बाळकृष्ण गच्चीवरच्या टाकीशेजारी जाऊन बसतो.

खरी गंमत इंटरफेसची. तो लिहिला नाही तर पॅरामीटरची नुसती यादी दिसते, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी : सगळं लिहिलेलं असतं आणि कोणालाच काही कळत नाही. म्हणून यूआय-डायलॉग, यूआय-पेज, यूआय-इनफिल्ड अशा आज्ञा देत एकेक रकाना पिक्सेल मोजून बसवायचा. शून्य डाव्या हाताला वर, आणि वाय खाली वाढत जातो. ज्या मास्तरांनी वाय वर जातो म्हणून आमच्या हातावर छड्या ओढल्या, त्यांना हे दाखवायची फार इच्छा आहे.

समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून गेला आणि आमच्याकडे घर बांधायचा विचार नसलेला माणूस दाखवा म्हणायची वेळ आली. त्यातलंच एक कुटुंब परवा ऑफिसात बसलं होतं : काका, काकू, काकांची आई, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि अर्थातच मिस्त्री. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. माझं देवघर पडद्यावर झळकलं. पहिलाच रकाना, ‘मुख’. समोर ‘पूर्व’.

आजींनी चष्मा सावरला. “तोंड कोनाचं? देवाचं का माह्यं?”

जगातल्या कुठल्याही जीडीएल मॅन्युअलने या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नाही. देवाचं तोंड पूर्वेला तर पूजेला बसणाऱ्याचं पश्चिमेला. काकू म्हणाल्या, आपलं पूर्वेला पाहिजे. मुलगा म्हणाला, यूट्यूबवर ईशान्य सांगितलंय. मिस्त्री म्हणाला, “साहेब, ईशान्येले तुमी बाथरूम देलं आहे.” यावर जी शांतता पसरली ती मोडायला मी घाईघाईने माप विचारलं. काकूंनी उंची आपल्या छातीपाशी हात धरून सांगितली. मिस्त्रीने ती डोळ्यांनीच मोजून चार फूट दोन इंच तीन सूत केली. जीडीएलच्या पोटात सगळं मीटरमध्ये चालतं, त्यामुळे आत १.२८ च्या आसपास काहीतरी गेलं. काकूंच्या छातीपासून मीटरपर्यंतचा हा प्रवास बोयारसाहेबांच्या कल्पनेतही नसणार.

मग आजींचं बोट एका फिकट रकान्यावर गेलं. घुमट नको असेल तर घुमटाची उंची बदलता येऊ नये म्हणून मी त्यावर लॉक टाकला होता. “काहून बाप्पा, हे पुसट काहून केलं? याचे पैसे जास्त लागतेत काय?” पुढची सगळी चर्चा त्या पुसट रकान्याभोवती फिरली. नको असलेला घुमट केवळ मिळत नाही म्हणून हवासा झाला. त्या रात्री मी लॉक काढून हाइडपॅरामीटर टाकलं. आता घुमट नको म्हटलं की त्याची उंची दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा भाव अजून कोणी विचारलेला नाही.

याच हाइडपॅरामीटरने पुढे आणखी एक काम केलं. आमचं गाव बिरबलनाथ महाराजांचं, तसंच दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचं. गावाच्या नावातच पीर आहे. दर्ग्याकडच्या एका चाचांना बैठकीच्या भिंतीत कुराणशरीफ ठेवायला कोनाडा हवा होता. नवीन स्क्रिप्ट लिहायला बसलो तर मिस्त्री म्हणाला, “कायले लिहिता? कोनाडा तोच. पायऱ्या एक करा, घंटा अन् घुमट दडवा.” दडवलं. चाचांना फक्त दाराला जाळी हवी होती. ती आता देवघरवाल्यांनाही दिसते आणि त्यांनाही आवडते, उंदरांमुळे.

राहता राहिलं तोंड. रकान्यावर आता ‘देवाचं मुख’ असं स्वच्छ लिहिलंय, शेजारी बाण काढलाय. तरी उत्तर मिळत नाही, कारण ते देणारी व्यक्ती कधीच हजर नसते : कोणाचे गुरुजी कारंज्याला, कोणाचे मोठे भाऊ अकोल्याला. म्हणून व्हॅल्यूजच्या यादीत पूर्व, पश्चिम, उत्तर यांच्याखाली चौथा पर्याय घातला : ‘घरी विचारून सांगतो’. तो निवडला की नकाशात देवघराच्या जागी नुसता तुटक रेषेचा चौकोन येतो. हल्ली बहुतेक नकाशे असेच बाहेर पडतात. मिस्त्रीलाही सवय झाली आहे. तुटक चौकोनापर्यंत भिंत आली की तो थापी बाजूला ठेवतो, चहा सांगतो आणि मालकाला फोन लावतो.