पार्किंगमधले दर्यासारंग

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत एक दर्यासारंग राहतात. नोकरी विम्यात, पोहता येत नाही, आणि बोट लागते म्हणून एलिफंटाला एकदाही गेलेले नाहीत. पण त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात तापते आणि गाडीच्या जागी ताडपत्रीखाली पहुडलेलं असतं एक सव्वातीन मीटरचं शिडाचं होडकं.

होडकं 'मिरर' जातीचं. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने सामान्य माणसासाठी ते पुढे आणलं. आराखडा जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांचा. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि राळ बसवायची, की झाली होडी. जगात अशा सत्तर हजारांहून जास्त झाल्या म्हणतात. आमची व्हायची आहे.

"होडी शिवतोय," असं ते सांगतात तेव्हा काकू आतून म्हणतात, "साडीला फॉल लावून द्या म्हटलं की मात्र डोळे दुखतात!" अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हा पेढे सारंगांनी वाटले. ते जहाज काथ्याने शिवलंय, हे त्यांना सांगायची हिंमत कुणाची नव्हती.

त्यांचं खरं रूप बघावं ते इपॉक्सी कालवताना. काकूंचा स्वयंपाकघरातला काटा, आइस्क्रीमचे रिकामे कप, नाकावर घसरलेला चष्मा. राळ आणि हार्डनर ग्रॅमवर मोजून एकत्र होतात. मग ते ढवळता ढवळता समोरच्याला 'मरीन प्लाय'वर व्याख्यान देतात. मे महिन्यात खोल कपात जास्त माल कालवला की तो आपल्याच उष्णतेने पेटल्यासारखा होतो. एकदा कपातून धूर निघाला, वॉचमन वाळूची बादली घेऊन धावला, आणि कप दगड झाला. काठी अजून त्यात उभी आहे.

दमट हवेत राळेवर मेणचट थर धरतो, म्हणून पावसाळ्यात काम बंद. म्हणजे ज्या चार महिन्यांत आमच्या पार्किंगमध्ये खरोखर होडी लागते, नेमके तेच.

लग्नाला गेले तरी हे यजमानांच्या नव्या किचनच्या फळीची कड नखाने खरवडून बघतात आणि मान हलवतात. होडी पाण्यात कधी, असं विचारलं की "एक हात रंगाचा राहिलाय". रंगाचा हात झाला की पॉलिश पेपर. पॉलिश पेपर झाला की पुन्हा रंग. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना समुद्र नकोच आहे. होडी संपली तर रविवारी घरात बसावं लागेल, ही खरी धास्ती.

बाकी माणूस लाख मोलाचा. फक्त तुमच्याकडे सी-क्लॅम्प असतील तर सारंग घरी आल्यावर ते माळ्यावर टाका. माझे चार त्यांच्याकडे आहेत.