गुप्तधनाच्या राखणदार भुजंगास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री भुजंगराव, मुक्काम समस्त गडांची तळघरे व पडक्या वाड्यांचे चौथरे, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपण निरंतर साष्टांगातच असल्यामुळे उलट नमस्काराची अपेक्षा नाही.

वेतन नाही, रजा नाही, बदली नाही, अशा स्थितीत शतकानुशतके एकाच जागी वेटोळे घालून आपण जी चाकरी बजावीत आहात, तिला तोड नाही. तथापि ज्या खजिन्याचे आपण पोतनीस, त्याचा जमाखर्च आपण आजवर कोणत्याही सरकारात रुजू केला नाही, हे नाइलाजाने नमूद करणे प्राप्त आहे. सुरतेच्या लुटीचे हंडे आपल्या ताब्यात असल्याची वदंता आहे. परंतु ती लूट १६६४ च्या जानेवारीतली आणि सिंधुदुर्गाची पायाभरणी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. तेव्हा जे द्रव्य चिऱ्यांत, चुन्यात आणि शिबंदीच्या पगारात खर्ची पडले, तेच पुन्हा आपल्या हंड्यात कसे भरले, याचा खुलासा व्हावा. पेशवाईचे म्हणाल, तर थोरले बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींना आपल्या कर्जाचे गाऱ्हाणे लिहीत. सावकारांच्या तगाद्याने गांजलेला पुरुष मोहरा पुरून ठेवतो, हे अर्थशास्त्र फक्त मांत्रिकांनाच अवगत असावे.

नांगराच्या फाळाला एखादी नाण्यांची हंडी लागते, हे मी नाकारीत नाही. तिच्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे, असे तो सांगतो. मात्र त्यात पायाळू माणसाचा, डोळ्यांत घालावयाच्या अंजनाचा किंवा आपला कोठेही उल्लेख नाही. उलट २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यास गुप्तधन हा शब्द नावानिशी घालावा लागला, तो गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अमानुष कृत्यांमुळे. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील डौंडिया खेडा येथे एका साधूस हजार टन सोन्याचे स्वप्न पडले आणि पुरातत्त्व खाते कुदळी घेऊन हजर झाले. हाती आल्या त्या बांगड्यांच्या काचा, खापरे आणि लोखंडी खिळे.

आमच्या घरचीही हकीकत याहून निराळी नाही. चुलत्यांनी अमावास्येच्या रात्री माजघरात पुरुषभर खड्डा खणला. लिंबे कापली, कोंबडा दिला. निघाले ते एक फुटके जाते. भिंत मात्र मधोमध उकलली. मांत्रिकाची दक्षिणा भागविण्यासाठी सागवानी तुळई विकावी लागली. त्या वाड्यातून प्रत्यक्ष बाहेर गेलेले धन ते एवढेच.

सबब अर्ज असा की, आपण राखणीस आहात म्हणून ठेवा आहे, असे लोक मानतात. तरी आपण कृपावंत होऊन राजीनामा द्यावा व शेतात उंदीर धरावयास जावे, म्हणजे गडांचे उरलेले चौथरे तरी शाबूत राहतील. बहुत काय लिहिणे?

आपला,
खड्ड्याच्या काठी राहणारा एक वारस