आठ बंधनं आणि एक खळ्ळखट्याक

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात त्यावरच्या बंधनांची यादीही आहे: देशाची अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. मोजून आठ. १९५१ आणि १९६३ साली ही यादी वाढवली, तरी ‘भावना दुखावणे’ तीत यायचं राहूनच गेलं. फौजदारी कायद्यात धार्मिक भावनांचं कलम आहे हे खरं, पण तिथे दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणजे पुरावा आला, साक्षीदार आले, तारखा आल्या. दुखावलेल्या माणसाला एवढी सवड कुठली? म्हणून महाराष्ट्राने हे नववं बंधन घटनेची वाट न पाहता परस्पर लागू केलं.

त्याची अंमलबजावणी पाहण्यासारखी आहे. जेम्स लेन यांचं शिवचरित्रावरचं पुस्तक प्रकाशकांनी २००३ च्या नोव्हेंबरमध्येच भारतातून मागे घेतलं होतं. तरी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्था फोडली गेली. संस्थेने पुस्तक लिहिलं नव्हतं की छापलं नव्हतं. ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानलेले होते, तेवढा संबंध पुरला. सरकारने लगेच बंदी घातली, ती पुस्तकावर. ही बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली आणि त्या ओळी आवडल्या म्हणून दुसरीलाही. फोडला गेला तो नातेवाइकाचा दवाखाना. लिहिणारा सापडला नाही तर जवळपासचं काहीतरी चालतं, एवढी लवचीकता उरलेल्या आठांत नाही.

खरी सोय मात्र वेगळीच आहे. आणीबाणीत सरकारला सेन्सॉर अधिकारी नेमावा लागला, मजकूर कापल्याचा हुकूम काढावा लागला. असा हुकूम हाती होता म्हणून तर मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, जिंकले. नवव्या बंधनाचा हुकूम निघतच नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लोकसत्ता’ने ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी भावना दुखावल्याबद्दलच्या दिलगिरीसह मागे घेतला. छापलेला अग्रलेख मागे घेतात म्हणजे घरोघरची रद्दी गोळा करतात की काय, हे कळलं नाही. पण आव्हान कशाला द्यायचं? बंदी घातलेली नव्हती, सेन्सॉर बसवलेला नव्हता. कागदावर पाहाल तर संपादकाने स्वतःच्या स्वातंत्र्याचा स्वतःच वापर केलेला होता.

यावर शहाणे लोक म्हणतात, शब्दांनी दंगली पेटतात, तेव्हा थोडं सांभाळून घ्यावं. मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी चिथावणी आणि सुव्यवस्था ही दोन बंधनं आधीपासून आहेत. शिवाय एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्ती दाबता येत नाही. तिचं रक्षण करणं सरकारचं काम आहे आणि जमाव आवरत नाही ही सबब चालायची नाही. आणि चिथावणीचीच एवढी काळजी असेल, तर रात्री नऊच्या चर्चांमध्ये एकेका समाजाला नाव घेऊन झोडपलं जातं, तेव्हा ही सारी हळवी मंडळी जेवायला बसलेली असतात काय?

तेव्हा सरकारला एकच विनंती आहे. हे नववं बंधन रीतसर राजपत्रात छापावं. कोणाच्या भावना, किती दुखल्यावर, कितव्या काचेपर्यंत, आणि दगड मूळ लेखकाच्याच घरावर की शेजारचंही चालेल, असं कोष्टक सोबत जोडावं. एकदा ते सही-शिक्क्यानिशी छापून आलं की कोणालाही त्याची प्रत घेऊन उच्च न्यायालयात जाता येईल. ते छापलं जाणार नाही, त्याचं कारण हेच.